हारुको काकूंचं सरकतं दार

हारुको काकू गेल्याचं गेल्या महिन्यात त्यांच्या पुतणीनं फोनवर कळवलं. मी इराला, माझ्या मुलीला, सांगितलं.  ती म्हणाली, "मग माझा डान्स?" श्रूजबरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या वृद्ध जपानी बाई तरुणपणी क्योतोत गेइशा होत्या, असं त्या सांगत. माझा त्यावर विश्वास नव्हता. आजही पुरता नाही.

गेइशा म्हणजे नाच, वादन आणि संभाषण यांत वर्षानुवर्षं तयार झालेली कलावती. पाहुण्यांची बैठक रंगवणं हा तिचा पेशा. इथल्या मराठी मंडळातल्या एका मित्रानं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलीला तिथे पाठवतोस? नीट गूगल केलंस ना, यार?" केलं होतं. माझी शंका वेगळी होती. इरा काकूंकडे नाच शिकायला जायची आणि नाच सोडून सगळं करायची. कोपऱ्यात बसून बघायचं, कप पुसायचे, गुडघे टेकून भिंतीतल्या कपाटाचं सरकतं दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं... अख्खा हिवाळा यातच गेला. ज्याला येत नाही तोच शिकवणं लांबवतो, असं मला वाटे. शेवटी विचारलंच, "काकू, नाच कधी?"

"आधी खोलीत यायला शिकू दे. आम्हीही असंच शिकलो."

"तुमच्या बैठकीला कोण यायचं?"

"चहा निवतोय," त्या म्हणाल्या.

एक नाव नाही, एक फोटो नाही. पडताळता येईल असं काहीच नाही. क्लास बंद करायचं मी ठरवलं, तेवढ्यात त्या आजारी पडल्या.

अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिसमध्ये त्यांना प्रथमच डोक्यावरच्या रुमालाशिवाय पाहिलं. टाळूवर नाण्याएवढं टक्कल होतं. शिकाऊ गेइशांचे केस वर्षानुवर्षं ताणून बांधल्यानं असं होतं, हे मी वाचलं होतं. नर्सला विचारलं. "या वयात केस जातातच," ती म्हणाली. परतताना गाडीत इरा म्हणाली, "बाबा, यू आर स्टिल चेकिंग?" मी ड्राइव्ह करत राहिलो.

आमच्या हॉलमधल्या कपाटाचं दार रुळावर कायम करकरतं. तेल घालूनही फरक पडलेला नाही. परवा मी त्याच्याजवळच लिहीत बसलो होतो. मान वर केली तर कपाटातली शाल इराच्या खांद्यावर होती आणि दार लागलेलं होतं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती खोलीत गेल्यावर मी उठलो आणि दार स्वतः सरकवून पाहिलं.

करकरलं.