मामांची परदेशी गाडी आणि माझा गतिरोधक

अन्याय झाला तो माझ्या दिनूमामांवर. २००३ सालच्या दसऱ्याआधीच्या सोमवारी, जव्हारहून मोखाड्याला जाताना, भर दुपारी, शाळेची मधली सुट्टी संपता संपता. इतकं नेमकं लिहितोय, कारण आमच्या घरात या घटनेच्या चार आवृत्त्या फिरतात आणि चारींमध्येही गुन्हेगार मीच असतो. हा निव्वळ योगायोग आहे.

मामा मुंबईत एका आयात कंपनीत ड्रायव्हर होते. साधेसुधे नव्हेत! परदेशातून बोटीने येणाऱ्या शर्यतीच्या गाड्या बंदरातून सोडवायच्या आणि गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन उभ्या करायच्या, हे त्यांचं काम. त्या सोमवारी त्यांच्या हाती झेंडूच्या रंगाची एक गाडी होती. ती नाशिकला न्यायची, तिथल्या परिवहन कार्यालयात तपासून घ्यायची आणि पक्का नंबर मिळवायचा. तात्पुरत्या नंबराची मुदत त्याच दिवशी संपत होती. आदल्या खेपेला मामा उशिरा पोचले होते, तेव्हा मालकाने बजावलेलं, "दिनकर, ही चुकली तर उद्या कामावर येऊ नकोस."

मुंबईहून नाशिकला जायला चांगला रुंद हमरस्ता आहे. मामा जव्हारवरून आले. का? तर ताईला गाडी दाखवायची! (ताई म्हणजे माझी आई. मामांनी आयुष्यात केलेल्या सगळ्या चुका ताईला काहीतरी दाखवण्यासाठी केलेल्या आहेत.)

गाडी आमच्या दारात आली तेव्हा आवाज आधी आला, मग कोंबड्या उडाल्या, मग गाडी दिसली. दिसली म्हणजे खाली बघितल्यावर दिसली. आमच्या पाटाला चाकं लावली तर एवढीच उंची होईल!

"दिन्या, बाकीची गाडी कुठाय?" आईने विचारलं.

"एवढीच असते, ताई. दोनच सीट."

"दोन? मग एवढा आवाज कोणासाठी?"

मी तेव्हा जव्हारच्या कॉलेजात होतो आणि फावल्या वेळात व्यवस्था बदलत होतो. बदलायचं हत्यार म्हणजे पत्रकं. धूर ओकणाऱ्या जीपांविरुद्ध पत्रक, बंद पडलेल्या हातपंपाविरुद्ध पत्रक, पत्रकं न वाचणाऱ्यांविरुद्ध पत्रक! त्यामुळे दारातल्या त्या श्रीमंती थाटाकडे मी कपाळाला आठ्या घालून बघितलं आणि विचारलं, "मामा, ही नियमात बसते का?"

झालं! मामांनी स्तोत्र म्हणावं तसे नियम म्हणून दाखवले. स्टिअरिंग उजवीकडे, आहे. दिव्यांचा झोत आपल्या रस्त्याला साजेसा, आहे. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये, आहे. पट्टा दोन्ही सीटना, आहे. धूर मापात, आणि तो गाळायला सायलेन्सरच्या पोटात खास डबा, तोही आहे! "पक्या, ही बंदरात इतके महिने उभी होती की कबुतरांनी हिच्यावर दोन पिढ्या वाढवल्या. नखभर चूक नाही हिच्यात!"

मनात जुळवलेलं पत्रक मी मनातच फाडलं. (असं क्वचित होतं. त्या दिवशी दोनदा झालं.)

मग आईने ताट आणलं. नवी गाडी दारात आली म्हटल्यावर ओवाळायला नको? चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर बोटाने कुंकवाचं स्वस्तिक काढलं.

"ताई, रंग! परदेशातला रंग आहे तो!"

"मग माझं कुंकू काय रस्त्यावरचं आहे?"

नारळ मात्र मामांनी हातापाया पडून जमिनीवर फोडायला लावला. इथवर सगळं ठीक होतं. पण आमच्या भागात एक रीत आहे आणि खरा घात तिने केला. आमच्याकडे गाडी रिकामी सोडत नाहीत. एसटी कधी येईल ते एसटीलाही ठाऊक नसतं, जीप भरल्याशिवाय हलत नाही; मग कुणाची मोकळी जागा मोखाड्याकडे निघालेली असताना ती तशीच जाऊ देणं म्हणजे अन्नावर पाणी ओतण्यासारखंच पाप!

"शकू, ऊठ! दिन्या मोखाड्यावरूनच चाललाय," आईने हाक दिली. शकूमावशी म्हणजे आई आणि मामांची मधली बहीण. मोखाड्याला राहायची, नवरात्रात आमच्याकडे आली होती आणि आमच्या घरात वजनदार मत तिचंच असे. एकूणच वजनदार तीच होती.

"आणि पक्या, तू पण जा. नाशिक बघून ये."

"ताई, सीट एकच उरलीय!"

"पक्या कुठे जागा खातोय? काडी आहे ती!"

मग तांदळाची गोणी आली. आईने ती मागच्या डिकीत टाकायला झाकण उघडलं आणि ओरडली, "अगं बाई, डिकीत इंजिन कुणी ठेवलं?" डिकी पुढे निघाली. तिच्यात गोणी, गोणीवर टोपलीभर काकड्या, आणि मावला नाही म्हणून एक लाल भोपळा माझ्या मांडीवर. मी मावशीच्या मांडीवर. सुरक्षा नियम म्हणजे नियम, म्हणून मामांनी आम्हा तिघांना (भोपळा धरून) एकाच पट्ट्यात आवळलं. गाडी आधीच पाटाएवढी होती, आता ती शेणाने सारवल्यासारखी जमिनीला चिकटली.

निघालो! घाटात गाडी अशी वळायची की मावशी प्रत्येक वळणावर वेगळ्या देवाचं नाव घ्यायची. मामा खुशीत होते. "वेळेत पोचतो बघ! काय अडवणार आहे आपल्याला?"

काय अडवणार आहे ते मला पुढचा चढ संपल्यावर आठवलं.

तिथे एक पाडा आहे. रस्त्याला लागून शाळा. जीपा तिथून सुसाट जायच्या. एका जीपखाली सोमीबायची दुभती शेळी गेली, आणि ड्रायव्हर उलट तिलाच शिव्या देऊन निघून गेला. मी पेटलो! पत्रक काढलं: "वेगाच्या माजाला दगडाने उत्तर!" गतिरोधकासाठी अर्ज-विनंत्या झाल्या, उत्तर आलं नाही, तेव्हा पाड्याने श्रमदान केलं. गतिरोधक किती उंच असावा याचाही नियम असतो म्हणे. कुणीतरी तो विचारला तेव्हा मी दगडावर चढून गरजलो होतो, "त्यांनी आपल्यासाठी कधी नियम पाळले? उंच करा! आणखी उंच!" शेवटी सोमीबायच्या गुडघ्याचं माप धरलं. सोमीबाय बुटकी, म्हणून एसटी तरी वाचली.

"मामा," मी भोपळ्याआडून म्हणालो, "पुढे जरा..."

धडाम! पुढची चाकं चढली, पोट टेकलं, मागची चाकं उचलली गेली आणि गाडी थांबली. थांबली म्हणजे झुलायला लागली! मावशी पुढे वाकली की पुढे, मागे टेकली की मागे. शाळेतून पोरं धावत सुटली. जत्रेत असा पाळणा कुणी पाहिला नव्हता.

मामांनी ॲक्सिलरेटर दाबला. हवेतली चाकं आनंदाने फिरली.

"कुठल्या गाढवाने बांधलाय हा?" मामा खिडकीतून ओरडले.

सोमीबाय पुढे आली. कमरेवर हात. तिने आत डोकावलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"आर, हा तर आमचा प्रकाशभाऊ! यानीच बांधला! याच्यामुळंच झाला सारा!"

मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी भोपळ्याकडे बघितलं.

"भाऊ, घावली बग शेवटी!" सोमीबाय टाळी वाजवत म्हणाली. "तूच बोलला व्हतास ना, मोठ्या गाडीवाला येल, माज करल, त्याला इथंच आडवायचा? आडवला! आन तू सोताच धरून आणला त्याला!"

"सोमीबाय, हे माझे मामा आहेत."

"आसू दे. तुझ्याच कागदात हाय: 'सगा असो वा सोयरा, माघार नाही.' पोरं पाठ म्हणत्यात."

आणि पोरांनी म्हणून दाखवलं! एका सुरात, शेवटच्या उद्गारचिन्हासकट.

"गुणी भाचा आहे माझा," मामा दात आवळून म्हणाले. "पक्या, साडेपाचला ऑफिस बंद होतं. माझी नोकरी या दगडावर लटकलीय."

मी सोमीबायला म्हणालो, वरचे चार दगड काढूया. ती म्हणाली, नाय, शपथ घेतलीय. कुणी घेतली? पाड्याने. कुणी घ्यायला लावली? (मीच, त्याच दगडावरून.) मग म्हणालो, निदान उचलून तरी पलीकडे ठेवा. पाड्याने तिथेच, झुलत्या गाडीभोवती बसून, विचार केला आणि निर्णय दिला: उचलू, पण मागं ठेवू. पुढं नाय.

तेव्हा मी आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण केलं. पट्ट्यात आवळलेला, मावशीच्या मांडीवरून! ही गाडी धूर सोडत नाही म्हणालो. नियमात आहे म्हणालो. नियम म्हणजे गरिबाची ढाल, असंही म्हणालो. शब्दाशब्दाला माझंच जुनं पत्रक मी खोडत होतो आणि पोरं मध्येच जुन्यातल्या वाक्याची आठवण करून देत होती.

सोमीबायने डोक्याचा पांढरा फडका सोडला, मागे जाऊन धुराच्या नळीला लावला. "चालव." मामांनी इंजिन चालवलं. फडका पांढरा तो पांढराच!

"जीपवाला आमाला काळा करतो," ती फडका निरखत म्हणाली. "ही बरी हाय. उचला र!"

मावशी उतरली (गाडी तेवढ्यानेच निम्मी सुटली), गोणी उतरली, काकड्या पोरांनी वजन कमी करण्याच्या उदात्त हेतूने तिथेच खाल्ल्या. मग "हैऽऽ हुश्श!" म्हणत अख्ख्या पाड्याने ती परदेशी गाडी उचलली आणि पुढे सरकवली. खालून काहीतरी 'खण्ण' वाजलं. घाईत कुणी लक्ष दिलं नाही.

निघालो तर काय आवाज! मोखाड्याच्या बाजारात लोक हेलिकॉप्टर शोधायला वर बघत होते.

"पक्या, कसला आवाज येतोय?"

"मामा, शर्यतीची गाडी आहे, असाच येणार ना?"

"काय?"

"असाच येणार!"

"काय?"

मावशी मोखाड्याला उतरली ती आम्हाला हातवारे करूनच. पण पोचलो! ऑफिस बंद व्हायच्या आत पोचलो! साहेबांनी स्टिअरिंग बघितलं, ठीक. दिवे, ठीक. काटा, ठीक. पट्ट्यात बांधलेल्या भोपळ्यावर (मावशीला द्यायचा राहिला होता) काही बोलले नाहीत. मग धुराचं यंत्र घेऊन मागे गेले, वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"हिचा सायलेन्सर कुठाय?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी साहेबांना विनवलं, "साहेब, सकाळपर्यंत होता. थोडं समजून घ्या!"

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले.

काय बोलणार? गेली दोन वर्षं हेच वाक्य मी भिंतींवर गेरूने लिहीत होतो. दुसऱ्यांदा मनातलं पत्रक फाडलं.

नाशिकहून परतल्यावर थेट पाड्यावर गेलो. सायलेन्सर सापडला. शाळेच्या दारात आंब्याला टांगलेला, आणि एक पोरगी त्यावर लोखंडी सळई हाणत होती. काय गोड नाद! जिल्ह्यातली सर्वात महागडी शाळेची घंटा!

"सोमीबाय, तो काढून दे. मामांची नोकरी जाईल."

"आन घंटा?" तिने पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. मला वाचायची गरज नव्हती. 'शाळेला घंटा द्या, नाहीतर खुर्ची सोडा!' खाली माझं नाव.

सळई हातात घेऊन ती पोरगी माझ्याकडे बघत होती. मी तसाच परत फिरलो.

परदेशातून नुसता सायलेन्सर मागवायचे नियम आणखी वेगळे असतात, हे कळेपर्यंत मामांची नोकरी गेली होती. आता ते जव्हार-मोखाडा जीप चालवतात. धूर मापात, माणसं मापाबाहेर. त्या पाड्यापाशी आले की गाडी पहिल्या गिअरवर टाकतात आणि माझ्या नावाने एक सविस्तर शिवी देतात. नेहमीच्या उतारूंना ती पाठ झालीय; मामा विसरले तर ते देतात.

हा अन्याय थांबला पाहिजे! गतिरोधक नियमाइतकाच उंच करा, असं नवं पत्रक मी काढलं. पाड्यावर एकानेही सही दिली नाही. पहिलं पत्रक जास्त चांगलं लिहिलंय म्हणतात. म्हणून वाचकहो, आता तुम्हालाच सांगतो. नुसते हसू नका. येत्या रविवारी पहार घ्या आणि या! सोमीबायशी बोलणी तुम्हीच करा, मी झाडामागे उभा असेन. आणि जव्हारहून मामांच्याच जीपने या, पण मी बोलावलंय हे त्यांना सांगू नका. नाहीतर उरलेला रस्ता चालावा लागेल.