रंगावर बसवलेला बोल्ट

मशीनला रंग मी फुकट दिला होता. सौद्यात द्यावा लागला.

जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कारखान्यातलं ते जुनं पॅकिंग मशीन. छापील प्लास्टिकचा रोल वरून खाली ओढायचा, त्याची पिशवी करायची, बी भरायचं, तोंड चिकटवून कापायचं, एवढंच त्याचं काम. पूर्वी ही ओढ क्लचवर चालायची. क्लच झिजला की पिशवी लांब-आखूड व्हायची. तो क्लच काढून मी सर्वो मोटर, तिला हुकूम देणारा ड्राइव्ह आणि नवं पॅनल बसवणार होतो. रोलवर दर पिशवीला एक काळी खूण असते. ती सेन्सरनं पाहायची, आणि मोटरनं केसभरही पुढंमागं न होता तिथंच थांबायचं.

शेठचं आधीचं असं काम पुण्याच्या लोकांनी केलं होतं. त्यांना वरच्या ऑफिसात खुर्ची, बशीतली बिस्किटं, आणि बोलताना ‘साहेब’. मला ‘मिस्त्री’. मी हसनाबादहून एका पिशवीत दोन ड्रेस घेऊन जालन्यात आलो. जुन्या जालन्यात एका मुसलमान उस्तादाकडं जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं भरायला शिकलो, अंकुशनगरच्या साखर कारखान्यात हंगामी वायरमन म्हणून राबलो आणि ड्राइव्हची इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली. पुण्याच्या लोकांनी बसवलेलं मशीन दोनदा बंद पडलं, तेव्हा ते चालू मीच केलं होतं. तरी मिस्त्रीच. हा राग माझ्या पोटात बरीच वर्षं आहे आणि मी तो जपून वापरतो. सौदा करताना त्याचा उपयोग होतो.

त्या दिवशीही भावावरून तास गेला. शेवटी शेठ म्हणाले, “चला, तुमचंच खरं. पण मशीनला रंग बी करून द्या. दसऱ्याला पूजा करायची, नवरी दिसली पायजे.”

“रंग माझं काम न्हाई, शेठ.”

“मंग पुण्यावाल्याला फोन लावू का?”

मी रंग दिला. शिव्या घालत दिला, पण दिला.

मशीन मी रंगाच्या आधी चालवून पाहिलं होतं. सोन्यासारखं चाललं. मग रंगासाठी पुन्हा काही भाग खोलले. त्यात अर्थिंगची तांब्याची पट्टी होती. मशीनच्या अंगावर भरकटणारी वीज हीच पट्टी जमिनीत घालवते. दसरा दोन दिवसांवर आला होता आणि फुकटच्या कामावर आणखी एक दिवस घालवायचा नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. निळा रंग वाळला तसा मी पट्टीचा बोल्ट त्या रंगावरच आवळून टाकला. खालचं लोखंड खरवडून उघडं केलं नाही. रंगातून वीज जात नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. उस्ताद म्हणायचे, “पहले अर्थिंग, बाद में बत्ती.” पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे पाठ करायला लावलं होतं.

त्या मशीनवर एक बाई बसवली होती. चाळिशीची असेल. नऊ वर्षं ती चाळणीवर होती. तिथं बियाण्याला औषध लावतात, त्याची गुलाबी धूळ दिवसभर उडते. त्या धुळीनं तिला खोकला लागला होता. डॉक्टरनं धुळीपासून लांब राहायला सांगितलं म्हणून तिनं स्वतः शेठकडं जाऊन मशीन मागितलं होतं. पॅकिंगचा हॉल बंद, टाइल्सचा, पंख्याचा. त्या कारखान्यात मशीनवर बसलेली ती पहिली बाई. बटणं तिनं दोन दिवसांत पाठ केली. स्क्रीनवर आकडे बदलायला मी एकदाच दाखवलं, तिनं पुन्हा विचारलं नाही.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात फोन आला. पिशव्या मधूनच बोटभर चुकीच्या जागी कापल्या जात होत्या. नावाच्या अक्षरांवरून कात्री चालायची, आणि मग ड्राइव्ह लाल दिवा लावून बंद. मी सेन्सर बदलला, केबल बदलली, पॅनलमधले सगळे आकडे तपासले. तासभर नीट चालायचं आणि मी गाडीला किक मारली की पुन्हा चुकायचं. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा ती बाई म्हणाली, “भाऊ, मशीनीला हात लावला की झिणझिण होऊन राह्यलं.”

“कसली झिणझिण?”

“मुंग्या येतेत. पोछा मारल्यावर जास्ती.”

कामगारांना त्या हॉलमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात. मी बुटात होतो, मला कुणी टोकत नसे. मी मशीनवर तळहात ठेवला. काही नाही.

“हात दाबून झोपत असाल रात्री,” मी म्हणालो. “मुंग्या मशीनला न्हाई, तुम्हाला आल्यात.”

पिशव्या उचलणाऱ्या दोघी-तिघी हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, “तुम्ही बूट काढून बघा की.”

मिस्त्रीला शिकवायला निघाली, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात शेठ जिना उतरून आले. “काय मिस्त्री, होतंय का पुण्याहून माणूस बोलवू?”

माझं डोकं फिरलं. समोर मशीन होतं, त्यावर सुकलेल्या झेंडूची माळ आणि हळदीच्या बोटांचे पुसट डाग. मी म्हणालो, “शेठ, पूजेच्या नारळाचं पाणी सेन्सरच्या जोडात गेलंय. मशीन काय देव्हारा हाय का?”

नारळ शेठनीच फोडला होता. त्यांचा चेहरा बदलला, तशी मी वाट बदलली. “तुमच्या नारळानं काय व्हत न्हाई. नंतर वल्या फडक्यानं पुसताना पाणी आत ढकललंय. ऑपरेटरला अक्कल पायजे.”

बाई म्हणाली, “मी दसऱ्याला इथं नव्हतेच. नागपूरला गेल्ते, दीक्षाभूमीला. तिसऱ्या दिवशी आले. हळद वाळली व्हती, कोरड्या फडक्यानं पुसली. पाणी कुठून घालू मी?”

हॉलमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मलाही ते पटलं होतं. पण ते मान्य केलं असतं तर मला दुसरं कारण शोधावं लागलं असतं, आणि माझ्याकडं ते नव्हतं. मी म्हणालो, “ज्याच्या हाताखाली मशीन, त्याची जबाबदारी.”

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा चाळणीवर गेली.

चार दिवसांनी मशीन पुन्हा बंद. मी गेलो तेव्हा नुकताच पोछा मारलेला. मोटरची केबल पाहायला मी खाली गुडघा टेकला, पँट ओली झाली, आणि उठण्यासाठी मशीनच्या बाजूला हात लावला. मनगटापर्यंत मुंग्या आल्या. हात काढला, पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

मीटर काढून एक टोक मशीनला आणि दुसरं भिंतीतल्या अर्थिंगला लावलं. शंभराच्या आसपास व्होल्ट. मशीनचं अंग जमिनीला जोडलेलंच नव्हतं. सर्वोच्या ड्राइव्हमधून थोडी वीज नेहमी अंगावर उतरते. तिला जायला वाट नसली की ती उघड्या पायाच्या माणसातून जाते, आणि मोटरच्या इशाऱ्याच्या तारेतही गोंधळ घालते. म्हणून खूण चुकत होती. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांनी थोडाफार धातू धरला असेल. मशीनच्या हादऱ्यानं तोही सुटला. पुढं काही मोठं बिघडलं असतं तर मुंग्यांवर भागलं नसतं. ती बाई दिवसभर त्या मशीनला टेकून उभी राहत होती.

बोल्ट काढला. खाली माझाच निळा रंग, गुळगुळीत, नवरीसारखा. पॉलिश पेपरनं तो घासला, लोखंड चमकायला लागलं, पट्टी आवळली. मीटरवर शून्य. मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही चुकलं नाही.

शेठ आले. “काय निघालं?”

त्यांच्याकडं आणखी तीन मशीनचं काम होतं आणि ते पुण्याकडं का माझ्याकडं, हे ठरायचं होतं.

“पाणीच व्हतं,” मी म्हणालो. “जोड साफ केला.”

पहिल्यांदा मी रागात बोललो होतो, तेव्हा मला खरं कारण ठाऊक नव्हतं. या वेळी हातात रंग घासलेला पॉलिश पेपर होता. तो मी खिशात घातला.

तीन मशीनचं बोलणं दिवाळीनंतर निघालं. ऑफिसात जायची वाट चाळणीवरून जाते. ती बाई तोंडाला ओढणी बांधून उभी होती, भुवयासुद्धा गुलाबी. मला बघून तिनं चाळणी थांबवली नाही, पण विचारलं, “भाऊ, त्या मशीनीला अजून झिणझिण येती का?”

“न्हाई.”

“बरं झालं. मशीनीवरची नवी पोरगी पोटुशी हाय. मला तिचीच काळजी लागली व्हती.” मग खोकली. खोकला थांबल्यावर म्हणाली, “तुमाला घावलं म्हणायचं कारण.”

मी मान डोलावली.

“मंग शेठला येकडाव सांगा, पाणी मी घातलं नव्हतं म्हणून. बाकी काय न्हाई. मला मशीनीवर घ्यायचं का न्हाई ते शेठ बघतेन.”

“सांगतो,” मी म्हणालो, आणि खरंच सांगायचं ठरवून जिना चढलो.

या वेळी खुर्ची मिळाली. मी बसल्या बसल्या म्हणालो, “शेठ, त्या मशीनचा दोष पाण्याचा नव्हता. अर्थिंगचा बोल्ट मी रंगावर बसवला व्हता. चूक माझी.”

शेठनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हाकलतील. ते हसले. “म्हणजे आठ दिवस माझं पॅकिंग तुमच्यामुळं बंद. मंग या तीन मशीनचा भाव जरा खाली आणा.”

“भाव कशाला खाली? रंग तुम्ही फुकट करून घेतला. रंग नसता तर बोल्ट लोखंडावरच बसला असता.”

“रंग करा म्हणलं, बोल्टावर करा म्हणलं व्हतं का?”

आणि मी पेटलो. पुण्याच्या लोकांचं दोनदा बंद पडलेलं मशीन काढलं, बशीतली बिस्किटं काढली, इतक्या वर्षांचं ‘मिस्त्री’ काढलं. शेठ एकेक पायरी वर येत होते, मी एकेक खाली. शेवटी माझ्या मनातल्या आकड्याच्या थोडं वरच सौदा ठरला, आणि रंग या वेळी शेठकडं. शेठनी हात पुढं केला. “चला इंजिनियर साहेब.”

ते ऐकून मी खुशीत जिना उतरलो. अर्ध्या जिन्यावर चाळणीचा आवाज कानावर आला, तेव्हा लक्षात आलं की त्या बाईचा विषय मी काढलाच नाही. चूक माझी, हे मी सांगितलं होतं. तिची नव्हती, हे सांगायला गेलो होतो. शेठना तर ती आठवलीसुद्धा नसेल.

परत वर जाता आलं असतं. दहा-बारा पायऱ्या. पण सौदा नुकताच जमला होता, आणि जमलेल्या सौद्यावर पुन्हा जाऊन काही मागायचं नसतं, हा माझा नियम.

तिनं ओढणी खाली केली. “सांगितलं?”

“सांगितलं.”

“काय म्हणले?”

“बघू म्हणले.”

ती “बरं” म्हणाली आणि ओढणी वर घेतली.

ती तीन मशीनं मी बूट काढून बसवली. प्रत्येक बोल्टाखालचं लोखंड स्वतः घासलं आणि ओल्या फरशीवर उभं राहून प्रत्येकाला हात लावून बघितला. त्या कामासाठी महिनाभर रोज चाळणीवरून गेलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. फक्त मी वरून खाली उतरलो की तिचा हात थोडा वेळ थांबायचा, आणि मी काही न बोलता दाराकडं वळलो की चाळणी पुन्हा सुरू व्हायची. अजूनही दुरुस्तीला बोलावणं आलं तर जातो. हॉलला मागच्या बाजूनंही एक दार आहे. हल्ली मी तिकडून जातो.