सुती कपडे आणू नका

केशवराव आणि मी एका बाकावर शिकलो. जठारपेठेत माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान पस्तीस वर्षांपासून आहे, आणि या माणसानं माझ्याकडून आजवर साधा रुमाल घेतला नाही. गावाहून अकोल्यात आला की स्टुलावर बसतो, माझाच चहा पितो, आणि भर गिऱ्हाइकासमोर शर्टाची कॉलर चिमटीत धरून म्हणतो, "मेणकापड विकून राहिला बे भगवंता!" आता सांगा, असा दोस्त असल्यावर वैरी कशाला हवेत?

त्याच्या घरी बापजाद्यांपासून कापसाची शेती. अंगात जाडाभरडा सुती सदरा, सुती धोतर, खांद्यावर सुती दुपट्टा. लग्नात सासऱ्यानं टेरिकॉटचा सूट शिवला, तर हा पठ्ठ्या मांडवात अडून बसला होता. "जे मी पिकवतो तेच घालीन," म्हणे. मे महिन्यात आमच्याकडे डोकं भाजून निघतं, तेव्हा सुताशिवाय जीव वाचत नाही, हे मलाही मान्य आहे. पण याचं म्हणणं, जगात कुठंही जा, सूतच.

गेल्या सोमवारी आला तो चहाला नाही म्हणाला. तिथंच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

अपेक्षा त्याची एकुलती एक मुलगी. कर्नाटकातल्या सह्याद्रीत, जिथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही अशा जंगलात, ती बेडकांचा अभ्यास करते. चार वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा यानं अंगणात उभं राहून तोंड सोडलं होतं, "बेडकं पाह्यासाठी शिकवलं का तुले? जाय! पुन्हा माह्या दारात येऊ नको." बोलून बसला आणि मग चार वर्षं तेच गिळत राहिला. मुलगी आईशी, म्हणजे माणिकवहिनींशी, फोनवर बोलायची. बापाशी नाही. आणि आता तिनंच निरोप धाडला होता, "बाबा, तीन दिवस या. मी काय करते ते एकदा पाहून जा." बुधवारच्या गाडीचं रिझर्वेशनसुद्धा तिनंच पाठवलं होतं.

आठ दिवसांपासून केशवराव बॅग भरत होता. चार सदरे, तीन धोतरं, जाड पंचे, सतरंजी. शिवाय मुलीसाठी आपल्या वावरातला निवडक कापूस पिंजून घेऊन नवी रजई भरलेली. रजईसाठी वेगळं गाठोडं बांधलं होतं.

"वाच," म्हणून त्यानं मोबाइल पुढे केला. सोबत काय आणायचं त्याची यादी मुलीनं पाठवली होती. लवकर वाळणारे, पूर्ण बाह्यांचे शर्ट. पातळ पँट. जळवा चढू नयेत म्हणून गुडघ्यापर्यंतचे खास मोजे. छत्री नको, रेनकोट हवा, कारण चालताना हात मोकळे लागतात. डोक्याला बांधायची बॅटरी. एक जोड कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, ते फक्त झोपताना घालायचे. आणि शेवटी लिहिलं होतं, "सुती कपडे अजिबात आणू नका. सुती पांघरूणही नको."

"पाह्यलं? अजिबात!" केशवराव म्हणाला. "टोमना मारून राहिली मले. बापाचा कापूस नाई चालत तिले. मी नाई जात."

"अबे, तिथं ऊन नाई, वारं नाई. सदरा ओला झाला तर तीन दिवस वाळत नाई!"

"आपल्या इथं पानी येत नाई का? मले शिकवू नको."

गाढवापुढे वाचली गीता! चार वर्षं ज्या पोरीसाठी झुरला, तिनं हाक मारली तर हा सदऱ्यावरून रुसला. माझं डोकंच फिरलं. मी सरळ अपेक्षाला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन गल्ल्यावर ठेवला. "पोरी, तुझा बाप इथं बसला आहे. सुती नको म्हणालीस म्हणून येत नाही म्हणतो. काय ते तूच सांग."



"काका, यादी इथं सगळ्यायले देतात तीच हाये, ते शेवटचं वाक्य मीच टाकलं," ती म्हणाली. "पयल्या वर्षी मी सगळे घरचेच कपडे आनले होते. आईनं देलेली रजईबी. पाऊस लागला तो लागलाच. काहीच वाळलं नाई. पाच दिवस तेच ओलं अंगावर. मंग न्युमोनिया झाला. अकरा दिवस दवाखान्यात होती मी. घरी नाई सांगितलं. बाबाले वाटलं असतं, माह्या कापसानंच पोरगी आजारी पडली."

दुकानात दोन बाया कपडे पाहत होत्या, त्यांनीही हातातलं खाली ठेवलं. केशवरावाची मान खाली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? मोठ्या कष्टानं तो फोनकडे वाकला. चार वर्षांनी मुलीशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

"तुह्याजवळ कोन होतं तिथं?"

"कोनी नाई, बाबा."

तो सरळ झाला. फोन बंद केला मी, तोवर यानं सदऱ्याची बटणं सोडायला घेतली होती, भर दुकानात, बायामाणसांसमोर. मी धावत आतून शर्ट काढले, पँट काढल्या, रेनकोट काढला, मोजे शेजारच्या दुकानातून मागवले. त्यानं काही पाहिलं नाही, कापड चिमटीत धरलं नाही. एक शर्ट अंगात चढवला, बाकीचं मी देत गेलो, तो मीच दिलेल्या नव्या बॅगेत भरत गेला. झोपायच्या कपड्यांच्या पिशवीची गाठ मी मारून दिली.

"आता बुधवारपर्यंत आराम कर," मी म्हणालो.

"बुधवार राहू दे," तो बॅग उचलत म्हणाला. "आज कोन्ती गाडी हाये?"