साडूंची आपोआप पाणी पिणारी कुंडी
आज फुलदाणीतलं कुजलेलं पाणी ओतलं आणि त्या वासानं सेनगावचे आमचे साडू आठवले. तुळशीसाठी त्यांनी गच्चीवर नवी कुंडी आणली होती. खाली पाण्याची टाकी, मुळं लागेल तेवढं आपोआप ओढणार, अशी अक्कल आमच्यापुढं पाजळून झाली. जादा पाणी जायचं भोक मात्र त्यांनीच बुजवलं, काहून तर नव्या फरशीवर डाग पडतात! मेहुणी आंघोळ झाली की रोज तांब्याभर पाणी वरून घालायचीच. पानं पिवळी पडली, तसं साहेबांनी टाकीत खत ओतलं. तुळस सडली, गच्चीभर घाण सुटली. तरी मला म्हणाले, "कुंडी बराबर हाय, शेजाऱ्यायची नजर लागली." आणि तुळशीच्या उरलेल्या काडीला लिंबू-मिरची बांधली. अजून डोळ्यांपुढं येते ती मिरचीच. त्या अख्ख्या कुंडीत हिरवं म्हणावं असं तेवढंच होतं.