भांडगावची जपानी विहीण

अख्ख्या दौंड तालुक्यात जपानला न जाता जपानी झालेली बाई एकच, आणि ती नेमकी माझ्याच नशिबी विहीण म्हणून आली. सुनेच्या या आईनं पूर्वी एका कंपनीच्या गेस्ट हाऊसात स्वयंपाक केला. तिथल्या जपानी साहेबाच्या बायकोनं चित्रं काढून, हातवारे करून हिला आपल्या मुलखातल्या गोष्टी सांगितल्या. झालं. तिकडं फळातून निघणारा पोरगा भांडगावात भीमेतून वाहत आलेल्या कलिंगडातून निघू लागला. राक्षसांशी लढायला जाताना तो बाजरीचे लाडू बांधून नेतो. मी म्हटलं, जपानात कुठली आली बाजरी? तर म्हणे, "इचारा की कुनालाबी." मुलाला मोबाइलवर बघायला लावलं, तर तसलंच धान्य निघालं मेलं. तेव्हापासून मी विचारणं सोडलं.

मला सलायचं ते वेगळंच. नात केंदूरला माझ्याकडं आली की माझ्या कोल्ह्याच्या गोष्टीला जांभया द्यायची, आणि फोनवर त्या आजीची गोष्ट सुरू झाली की घास तोंडातच राहायचा. त्यात तो कप्पा, म्हणे तिकडचं पाण्यातलं भूत. त्याच्या डोक्यावर खळगा, खळग्यात पाणी, आणि त्या पाण्यातच त्याचा सगळा जोर. आपण वाकलो की तोही वाकतो, पाणी सांडतं, जोर संपला. पोरीनं आमच्या विहिरीला वाकून बघितलं, हौदाला बघितलं, आणि एकदा अंघोळ करून आलेल्या तिच्या टकल्या आजोबांना, आमच्या आबांना. नात नमस्कार करतेय असं वाटून आबा बिचारे गहिवरून वाकले, तर ही त्यांची टाळू निरखून म्हणाली, "सांडलं न्हाई."

विहीणबाई स्वतःही तशाच कमरेतून वाकतात. मी कशी मागं राहीन? मी वाकले की त्या आणखी खाली, मग मी त्याच्याही खाली. गेल्या दिवाळीत सुनेनं आम्हाला दारात एकेक करून सरळ केलं.

मग मुलाची चेन्नईला बदली झाली. दौंड स्टेशनवर आम्ही दोघी विहिणी पोचवायला गेलो. मी मनाशी ठरवलेलं, गाडी हलायच्या आत पोरीला माझीच आठवण राहील असं काहीतरी बोलायचं. तेवढ्यात खिडकीतून हुकूम आला, "आजी, दोघी वाका." वाकलो. वर आलो तेव्हा दोघींचे डोळे गळत होते. पोरगी खुशीत ओरडली, "सांडलं, दोघींचं सांडलं!" आणि गाडी हलली.

हल्ली संध्याकाळी मीच भांडगावला फोन लावते. पोरीचा फोन आधी कुणाला आला, ते अजून विचारून घेतेच. मग उगीच म्हणते, त्या कलिंगडातल्या पोराचं पुढं काय झालं हो?

"ल्हान हाय का तुम्ही?" विहीणबाई म्हणतात, आणि पार नदीपासून सुरू करतात.