आज पाणी प्यायला चालेल

जलशुद्धीकरण केंद्रात ती सत्तावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होती. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर एक ओटा, एक बेसिन, एक कॉम्प्युटर आणि एक हात तुटलेली खुर्ची. सकाळी शहरातल्या ठरलेल्या अकरा नळांवरून ती अकरा बाटल्या भरून आणायची. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन त्या नळापर्यंत पोहोचलं. लोक तिला क्लोरीनबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. पण तिच्या रजेच्या दिवशी अकरांतली एक बाटली जरी कुणी न धुता भरली, तर त्या माणसाची धडगत नसे.

पूर्वी निकाल केंद्राच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूनं लिहिला जाई आणि तो फक्त फाटकावरचा पहारेकरी वाचत असे. तिच्या धाकट्या भावाला हे फार लागलं. त्याला सगळे खटपट्या म्हणत, कारण बिघडलेली वस्तू दिसली की ती उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, आणि कधीकधी चांगली वस्तूही तो उघडून बिघडवत असे. त्यानं एका रविवारी बसून बहिणीसाठी वेबसाइट तयार केली. एकच पान, पानावर तारीख आणि एक ओळ.

"किती पैसे पडले?" तिनं विचारलं.

"एक छदाम नाही. हे ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, ताई. जगभरातली माणसं मिळून बनवतात आणि आतलं सगळं उघडं ठेवतात. कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं."

तिला हे पटलं. त्या दिवसापासून रोज सकाळी साडेआठला ती लिहू लागली, आज पाणी प्यायला चालेल. महिन्या-दोन महिन्यांत लोकांना सवय झाली. पिंप भरायच्या आधी माणसं फोन बघू लागली. फाटकावरचा फळा तिनं उतरवला, कारण आता तो कोण वाचणार?

एकदा कॉम्प्युटरनं अपडेट मागितलं, तिनं भाबडेपणानं बटण दाबलं आणि पानावरची सगळी अक्षरं मोडली. मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे. खटपट्या दोन दिवस खपला, पान सरळ केलं आणि म्हणाला, "आता मी आल्याशिवाय हात लावू नकोस."

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. दुकानात कुणाचा तरी पंखा उघडून बसला होता, तसाच एका बाजूला कलंडला. सेहेचाळीसचं वय. तिला लहानपणापासून त्याच्या मागे धावायची सवय, आणि या वेळी तो धावायची संधी न देताच पुढे निघून गेला.

पानाला तिनं खरंच हात लावला नाही. रोजची ओळ तेवढी लिहायची. वरच्या कोपऱ्यात अपडेटचा लाल आकडा दिसे. तीन होता, अकरा झाला, तेहतीस झाला. सदस्यांच्या यादीत दोन नावं होती, तिचं आणि खाली "खटपट्या". ते नाव काढून टाकावं असं तिच्या मनातही आलं नाही. उलट कधी कंटाळवाणी दुपार असली की ती ती यादी उघडून नुसती बघत बसे. लोकांच्या घरी वारलेल्या माणसाचा फोटो असतो, तिच्याकडे हे होतं. याला कुणी वेडेपणा म्हणेल. म्हणो बापडे.

दोन वर्षं अशी गेली. मग एक दिवस पहारेकरी म्हणाला, "बाई, तुमच्या पानावर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात येते." तिनं तिथल्या तिथे कॉम्प्युटर उघडून दाखवला. तारीख होती, ओळ होती, बाकी काही नाही. "तुम्ही भलतीकडेच बोट लावत असाल," ती म्हणाली आणि पहारेकरी ओशाळला. आणखी दोघांनी तेच सांगितलं, तेव्हाही तिनं आपला कॉम्प्युटर बघितला आणि कानाडोळा केला. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा फार भरवसा होता.

त्यानंतरच्या मंगळवारी मुख्य रस्त्याखालची जलवाहिनी फुटली आणि शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरलं. अकरांपैकी तीन नळ्या पांढऱ्याच राहिल्या. औषधाचे थेंब पुन्हा टाकले तरी पिवळा रंग येईना. त्या तीनमधली एक तिच्याच गल्लीतली होती. तिनं घाईघाईनं लिहिलं, आज पाणी उकळूनच प्या. पान उघडून खात्री केली. ओळ स्पष्ट दिसत होती.

तिच्या खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राही, त्यांना आठ महिन्यांची मुलगी. ती आई बाळाचं दूध कालवायच्या आधी पान बघायचीच. त्या दिवशीही तिनं बघितलं. फोनवर पत्ते आले. बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा पत्ते. बाळ रडून रडून लाल झालेलं. इतकी वर्षं रोज एकच ओळ वाचलेली, तेव्हा आजही तीच असणार असं धरून तिनं नळाचं पाणी बाटलीत घेतलं.

गुरुवारी बाळ हॉस्पिटलात होतं, हाताला सुई आणि जुलाबांनी टाळू आत गेलेली. क्लोरीनबाई तिथे गेली, तेव्हा आईनं फोन पुढे केला. पत्ते नाचत होते. आपल्या पानाचं हे रूप ती पहिल्यांदा बघत होती. ती बाकावर बसली.

"तुम्ही लिहिलंच नाहीत असं वाटलं मला," आई म्हणाली. "लिहिलं असतंत, तर मी असं केलं असतं का?"

"लिहिलं होतं गं," ती म्हणाली, आणि ते शब्द तिला स्वतःलाच अगदी पोकळ वाटले.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई दुपारी केंद्रावर आली. चाळिशीची, जाड भिंगांचा चष्मा आणि भीडभाड अजिबात नाही. अर्धा तास तिनं खाली मान घालून काम केलं.

"तुम्ही आत शिरलेल्या असता ना, तुमच्या नावानं, म्हणून तुम्हाला चांगलं पान दिसतं," ती म्हणाली. "मालकाला कळू नये अशीच सोय केलीय चोरांनी. बाहेरून फोनवर बघेल त्याला पत्ते."

"फुकटच्या वस्तूचं असंच असतं, असं म्हणतात आमचे साहेब."

"साहेबांना काय कळतंय? उघडं आहे म्हणूनच भोक पडलेलं कुणाला तरी दिसतं. तो बुजवतो आणि सगळ्यांना कळवतो. हा लाल आकडा काय होता असं वाटलं तुम्हाला? तेहतीस वेळा कुणीतरी तुमचं दार ठोठावलं, बाई."

क्लोरीनबाईनं कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघितलं.

"आणि हा खटपट्या कोण? त्या भोकातून त्यांनी याचा पासवर्ड बदलला आणि याच्या नावानं आत आले. पत्ते त्याच्या खात्यातून लावलेत. हे बघा, शेवटचा प्रवेश आज सकाळी सात चाळीस."

ती पडद्याकडे बघत राहिली. खटपट्या, आज, सात चाळीस. क्षणभर, खरंच क्षणभर, तिला वाटलं की तो आला होता. मग असा संताप उसळला की तिनं टेबलाची कड धरली. कुणीतरी तिच्या भावाचं नाव पांघरून आत आलं होतं आणि त्याच नावानं बाळाच्या बाटलीत हात घातला होता. आणि ते नाव तिथे टांगून ठेवणारी ती स्वतः होती.

"भाऊ माझा. वारला."

भिंगांमागचे डोळे जरा मवाळ झाले. "मग काढावं लागेल. पासवर्ड बदलून चाललं असतं, पण वापरणारं माणूसच नाही तर खातं ठेवू नये. मी काढू की तुम्ही काढता?"

"मीच काढते."

तिनं नावापुढे खूण केली. कॉम्प्युटरनं विचारलं, या सदस्यानं केलेल्या सगळ्या कामाचं काय करायचं, पुसून टाकायचं की दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं? एवढा शहाणा प्रश्न तिला त्या दोन वर्षांत कुणीच विचारला नव्हता. सांत्वनाला आलेली माणसं नुसतं "धीर धरा" म्हणून गेली होती. तिनं स्वतःचं नाव निवडलं आणि बटण दाबलं. मग ती खूप वेळ रडली, आणि दुरुस्तीवाली बाई तोपर्यंत तेहतीसच्या तेहतीस अपडेट करत बसली. या वेळी एकही अक्षर मोडलं नाही.

साहेबांनी फोनवरून सांगितलं, "तांत्रिक अडचण होती एवढंच लिहा. जास्त खोलात शिरू नका." तिनं "बरं" म्हटलं आणि लिहायला बसली. मंगळवारी पाणी उकळून प्यायचं होतं. तुमच्यापर्यंत ते पोहोचलं नाही, कारण पानाची काळजी घ्यायचं काम माझं होतं आणि मी ते दोन वर्षं केलं नाही. लोकांनी सांगितलं तेव्हाही ऐकलं नाही. एक बाळ आजारी आहे. खाली तिनं स्वतःचं पूर्ण नाव आणि घरचा पत्ता लिहिला. इतकी वर्षं तिथे फक्त "पाणीपुरवठा विभाग" असे.

चार दिवसांनी बाळ घरी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून ती दाराबाहेर पडत होती, तर जिन्यात बाळाला कडेवर घेऊन आई उभी.

"पानावर वाचलं मी," आई म्हणाली. "तुमचा राग आलाय मला. अजून गेलेला नाही."

"इतक्यात जाऊ देऊ नकोस."

"ते पान मी आता बघणार नाही. रोज सकाळी केंद्रावर येऊन विचारीन. तोंडावर सांगायचं, चालेल की नाही ते."

"सांगीन. साडेआठला ये."

"आणि आज? आज काय करू?"

"आज अजून मलाच ठाऊक नाही गं," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली. "उकळून ठेव."