मलाक्क्यात विचारलं, जवळा बाजारात ऐकू आलं

चमत्काराचं कुणी सांगायला लागलं की मी आधी सांगणाऱ्यावरच संशय घेतो. जन्मभर लोकांना फसवत आलोय, त्यामुळे प्रत्येक गोष्टीमागं माझ्यासारखाच कुणी वात्रट असणार, अशी माझी खात्री. पण हे...

आम्ही जवळा बाजारचे, जिल्हा हिंगोली. हळदीचा व्यापार. लेक सोनल मलेशियात, मलाक्क्याला नोकरीला. तिला भेटायला दोघं निघणार होतो, गेलो मी एकटाच. कारण बायकोचा पासपोर्ट मी स्कूटीच्या डिकीत हळदीच्या पुडीशेजारी ठेवला. पुडी फुटली, वरून पाणी झिरपलं, फोटोसकट पासपोर्ट पिवळाधमक. “लग्नातसुद्धा तू एवढी पिवळी नव्हतीस,” असं मी वर बोललोही. झालं! लेकीला दोन वर्षं न भेटलेली आई ती... बोलणं बंद. मलाक्क्याहून केलेले फोनही घेईना.

तिथं सोनलनं मला एका जुन्या चिनी मंदिरात नेलं. त्याच गल्लीत मशीद, पलीकडं आपलं देऊळ. आत उदबत्त्यांचा धूर, काळं पडलेलं लाकूड. लोक काजूच्या आकाराचे दोन लाल लाकडी तुकडे जमिनीवर टाकत होते — एक बाजू सपाट, एक फुगीर.

“आधी नाव-पत्ता सांगायचा, मग मनात प्रश्न,” सोनल म्हणाली. “एक सपाट, एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही सपाट म्हणजे देव हसला.”

“मराठी समजते का त्याला?”

“पप्पा, हळू! लोक बघतायत.”

पत्ता सांगितला — मारुतीच्या देवळामागं, पत्र्याचं गेट. प्रश्न मात्र मनातच: ‘बेबी, राग गेला का?’ बेबी हे नाव फक्त माझं, तेही दार लावल्यावर. लेकीलाही ठाऊक नाही.

खट्! दोन्ही सपाट. पुन्हा टाकले. पुन्हा हसला! तुकडेच खोटे असणार म्हणून उलटेपालटे करून पाहिले, तर शेजारच्या म्हातारीनं डोळे वटारले. तिसऱ्यांदा होकार.

बाहेर येतोय तोच फोन. बायको!

“कुठं लपून राहिले? या बाहेर.”

“अगं, मी मलाक्क्यात...”

“थापा नका मारू! गेटवरून ‘बेबी, राग गेला का’ कोण ओरडून राहिलं मग? पहिल्यांदा हसूच आलं मला. दुसऱ्यांदाबी. तिसऱ्यांदा म्हटलं, गेला बाबा, या आत. पाहते तर कुणीच न्हाई! शेजारचे रफिकभाई गोदामात शोधून राहिले तुम्हाला. अन् दर हाकेमागं खट्‌कन काय पाडत होते वो?”

तुकड्यांबद्दल मी तिला अवाक्षर बोललो नव्हतो.

सोनलवर संशय घेतला, तर ‘बेबी’ ऐकून तीच खो खो हसायला लागली. रफिकभाईंवर घेतला, तर ते म्हणाले, “भाऊ, मी वहिनीला बेबी म्हणीन व्हय?” परत आल्यावर बायकोला पासपोर्टवरचा शिक्का दाखवला. “शिक्के काय, कुठंबी मारून मिळतात!”

आता नवा पासपोर्ट आलाय, दोघं जाणार आहोत. उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही. राग खरंच गेलाय, पण गेटवरून मी हाक मारली की ती कडी काढत नाही.

“आधी खिडकीत दिसा,” म्हणते, “मग बोला.”